काळे गोळे कुठून आले

डॉक्टर वायकाई यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काचा फोडल्या. गंमत नाही, कामच ते होतं. जाड काचेचा चौकोन घ्यायचा, त्यावर कोनातून रेघ मारायची, दाबून तोडायचा. जी धार निघते ती पोलादाच्या सुरीला कधी येत नाही. त्या धारेवर राळेत बसवलेला मांसाचा कण धरला की इतका पातळ पापुद्रा निघतो, की तो पाण्यावर तरंगताना सोनेरी दिसतो. पापणीच्या केसानं तो तांब्याच्या जाळीवर घ्यायचा आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकात सरकवायचा. मग अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यावर पेशीचं पोट उघडं पडतं.

ही खोली रुग्णालयाच्या तळघरात होती. बाहेरून ट्राम गेली की चित्र हलायचं. डॉक्टर म्हणायचे, "थांब एतेल्का, चार नंबर जातेय," आणि आम्ही दोघं हात आवरून बसायचो. गाव तिसा नदीच्या काठचं, पावसाळी दिवसांत तळघराच्या भिंतींना ओल यायची.

डॉक्टर मूत्रपिंडाच्या गाठींवर काम करायचे. त्या गाठीच्या पेशींत काळे गोळे दिसतात. पेशीत पचनाच्या पिशव्या असतात, त्यांना लयकारिका म्हणतात. हे गोळे दिसायला त्यांच्यासारखे, पण नेमके तेच का, आणि मुळात तयार कशातून होतात, हे कुणाला ठाम सांगता येत नव्हतं. आमचे विभागप्रमुख प्राध्यापक साल्काई यांचं मत होतं, की मूत्रपिंडातली निरोगी पेशी बाहेरचं द्रव घोट घोट आत घेते, तीच खोड गाठीच्या पेशीला राहिलेली असते. त्या घोटांचा गाळ म्हणजे हे गोळे. वायकाईंना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते गाठीची पेशी भुकेली असते आणि स्वतःच्याच तंतुकणिका, म्हणजे स्वतःच्या ऊर्जेच्या भट्ट्या, गिळून जगते. अर्धवट गिळलेल्या तंतुकणिका आम्हाला पडद्यावर दिसायच्याही. एकदोन नाही, शेकड्यांनी.

"साल्काई म्हणतात पेशी पिते," डॉक्टर हसून म्हणायचे. "पीत असेल तर पेला दाखवा म्हणावं! मी तर घासासकट तोंड दाखवतोय."

त्यांना नुसता वाद जिंकायचा नव्हता. जी पेशी स्वतःला खाऊन जगते तिचं पचन बंद पाडलं तर ती उपाशी मरेल, हा त्यांचा हिशेब होता. मलेरियाच्या एका जुन्या गोळीनं पेशीचं पचन मंदावतं, हे तेव्हा माहीत झालं होतं. "रोज एक गोळी, एतेल्का. कापाकापी नाही, काही नाही," असं म्हणताना त्यांचा चेहरा तरुण व्हायचा.

आता माझा भाग सांगते.

मांस शरीरातून निघालं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते लगेच बिघडू लागतं. म्हणून डॉक्टरांचा नियम होता: कापल्यापासून पाच-सहा मिनिटांत तुकडा त्याला जसाच्या तसा टिकवणाऱ्या औषधाच्या बाटलीत पडला पाहिजे. वर चौथ्या मजल्यावर शस्त्रक्रिया व्हायची आणि तुकडा आणायचं काम वेंदेलकाकांकडे होतं. तागाच्या कारखान्यात पाय मोडलेला माणूस, पन्नाशीचा, लंगडत चालायचा. डॉक्टर स्वतः कधी वर जात नसत. पेशीच्या पोटात दिवसभर डोकावणाऱ्या या माणसाला रक्त पाहिलं की घेरी यायची. विद्यार्थी असताना ते शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी दोनदा आडवे झाले होते, आणि ती लाज त्यांनी जन्मभर जपली.

मी चोवीस वर्षांची, नवीनच लागलेली. पहिलं मूत्रपिंड आलं तेव्हा काकांनी चिठ्ठीवर खरं ते लिहिलं होतं: पस्तीस मिनिटं. डॉक्टरांनी तुकडा कचऱ्यात टाकला आणि वरच्या कचेरीला तक्रार लिहिली. काकांना बोलावणं आलं. पुन्हा असं झालं तर धुलाईच्या भट्टीवर पाठवू, असं त्यांना सांगण्यात आलं. भट्टीवर दिवसभर उभं राहायचं म्हणजे त्या पायाचं काय होणार हे कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या वेळी काका धापा टाकत खाली आले. डॉक्टर वर्गावर गेले होते.

"पोरी, चष्मा विसरलो बघ. तेवढं तूच लिही."

"किती मिनिटं झाली, काका?"

"ते कापतात, मग वजन करतात, मग फोटो काढतात, मग कुणालातरी आठवण होते की तळघरात पण माणसं राहतात. लिफ्ट बंद. मी काय उडत येऊ?" ते स्टुलावर बसून गुडघा चोळू लागले. "लिही ना पाच. पाच आकडा चांगला दिसतो."

मी लिहिलं, पाच.

मला मिनिटांचं महत्त्व कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मला वाटलं, एखादा तुकडा बिघडला तर बिघडला, बाकीचे येतीलच. पण तिसऱ्या वेळी तेच झालं, चौथ्या वेळीही. काका चष्मा आणेनासेच झाले. कधी मी चार लिहायची, कधी सहा, सगळे पाच बरे दिसणार नाहीत म्हणून. मग ती सवयच झाली. नऊ वर्षांत अशी त्रेचाळीस मूत्रपिंडं आली.

डॉक्टरांनी त्यांवर पुस्तक लिहिलं. बुडापेस्टच्या प्रकाशकानं ते घेतलं. १९७९च्या जानेवारीत त्याचा करार झाला तेव्हा डॉक्टरांची बायको, कोर्नेलियाताई, खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी घेऊन तळघरात आली होती. ती वर्तमानपत्रात प्रुफं तपासायची. ठेंगणी, मोठ्यानं हसणारी बाई.

"बघू तरी कुठली सवत आहे ती," असं म्हणून तिनं सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याला डोळे लावले. "ही काळी ढेकळं? यांच्यासाठी माझ्या नवऱ्यानं नऊ उन्हाळे बालातोनचं तळं पाहिलं नाही?"

फेब्रुवारीत तिला लघवीतून रक्त गेलं. तिनं ते पंधरा दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तपासण्या झाल्या, आणि डाव्या मूत्रपिंडात संत्र्याएवढी गाठ निघाली.

मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. तिच्या वेळी डॉक्टर वर गेले. हातात औषधाची बाटली धरून ते टेबलापाशी उभे राहिले, गाठ बाहेर आली तसा त्यांनी स्वतः चिमट्यानं तुकडा उचलला आणि बाटलीत टाकला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग बाहेर येऊन ते बेसिनवर वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले. हे मला वरच्या नर्सनं सांगितलं.

तिला घरी सोडण्याआधी छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते.

एप्रिलपासून डॉक्टरांनी तिला मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या. "माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी औषध शोधून ठेवलंय," असं ती शेजारणींना सांगायची. तिच्या गाठीचा तुकडा मात्र त्यांनी मला कापू दिला नाही. राळेत बसवलेला तो कण कपाटात पडून होता. एप्रिल संपता संपता एका सकाळी ते म्हणाले, "कोर्नेलियाचं काप आज."

मी कापलं. ते पडद्यासमोर बसले. मी मागे उभी.

गोळे होते. पण अर्धवट गिळलेली तंतुकणिका एकही नव्हती. सगळ्या भट्ट्या शाबूत, आखीव, एखाद्या पाठ्यपुस्तकातल्यासारख्या. पेशीच्या कडेला मात्र बारीक खळगे होते, खळग्यांतून सुटलेले बुडबुडे आत चालले होते, आणि आत जाऊन ते काळ्या गोळ्यांना मिळत होते. साल्काईंचे घोट. तीन दिवस डॉक्टर जाळीमागून जाळी पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दिवा लावला.

"वेंदेलना वरून खाली यायला किती वेळ लागतो गं?"

"लिफ्टवर असतं, डॉक्टर."

"लिफ्टवर कसं असेल? चिठ्ठीवर पाच असतात."

"चिठ्ठ्या मी लिहिल्यात."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं ते मला दिसलं, कारण त्यांनी टेबलाची कड धरली.

"किती चिठ्ठ्या?"

"पहिली सोडून सगळ्या."

"पहिली म्हणजे पस्तीसवाली. जी मी फेकली."

"हो."

"आणि बाकीच्यांना खरं किती लागायचे?"

"कधी तीस. कधी पाऊण तास."

ते ओरडतील, मला मारतील, काहीतरी फेकतील असं वाटलं. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात वर एकाची शस्त्रक्रिया आहे. मधमाश्या पाळतो तो माणूस. मी वर जाणार आहे. तू दोन बाटल्या तयार ठेव."

त्या माणसाच्या गाठीचे त्यांनी दोन तुकडे केले. एक तिथल्या तिथे औषधात टाकला. दुसरा वाटीत ठेवून घड्याळ लावलं आणि चाळीस मिनिटांनी टाकला. सहाव्या दिवशी आम्ही दोन्ही पाहिले. पहिला तुकडा कोर्नेलियाताईच्या तुकड्यासारखा होता. दुसऱ्यात पेशी स्वतःच्या तंतुकणिका गिळत होत्या, शेकड्यांनी.

"हे आपलं पुस्तक," डॉक्टर म्हणाले. "वाटीत उपाशी पडलेलं मांस स्वतःला खातं. नऊ वर्षं आपण वाटी पाहिली."

"डॉक्टर, माझं चुकलं. मी वरती लेखी देते."

"काय देणार? वेंदेलना भट्टीवर पाठवायचं?" ते उठून कोट घालू लागले. "तू पाच लिहिलेस. मला चार जिने चढून एकदा बघता आलं नाही."

त्या संध्याकाळी ते प्रकाशकाला लिहिलेलं पत्र टाकून पुस्तक थांबवणार होते. घरी गेले तर पलंगावर चहूकडे पुस्तकाची प्रुफं पसरलेली. ताईनं परस्पर बुडापेस्टला फोन करून ती मागवली होती. "मला काम दे, गेदेऑन," ती त्यांना म्हणाली होती, "नाहीतर मी छत वाचत बसेन." हे त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं आणि पत्र खिशातून काढून फाडलं.

मग आमचा तो उन्हाळा सुरू झाला. ताई अंथरुणावर पडून एका खोट्या पुस्तकातले स्वल्पविराम दुरुस्त करत होती. दर शुक्रवारी मी त्यांच्या घरी जायची, तपासलेली पानं घ्यायची, मोठ्या पाकिटात घालायची आणि तळघरात आणून कपाटात ठेवायची. प्रकाशकाला काहीच जात नव्हतं. गोळ्याही चालूच होत्या. गोळ्यांनी तिला मळमळायचं, अंगाला खाज सुटायची, दिव्याभोवती कडं दिसायचं. पण बंद करायच्या तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची हिंमत डॉक्टरांत नव्हती.

जूनमधल्या एका शुक्रवारी डॉक्टर भाजी आणायला बाहेर गेले होते. ताईनं मला पलंगाच्या कडेवर बसवलं. हात काटकीसारखे झाले होते, पण लाल पेन्सिल घट्ट धरलेली.

"तक्ता क्रमांक दोन," ती म्हणाली. "त्रेचाळीस माणसं. पाच, पाच, चार, पाच, सहा, पाच. बत्तीस वर्षं मी वर्तमानपत्र वाचून काढलं, एतेल्का. असे सरळ आकडे आमच्याकडे फक्त कारखान्यांच्या उत्पादनाच्या बातम्यांत यायचे. कुणी लिहिलेत?"

मी तपासलेली पानं पाकिटात भरू लागले.

"गेदेऑननं नाही लिहिले. त्याला खोटं लिहायला सुचतच नाही, तेवढी कल्पनाशक्ती नाही बिचाऱ्याला."

"मी लिहिले, ताई." आणि मग मी सगळं सांगितलं. वेंदेलकाका, चष्मा, लिफ्ट, दोन बाटल्या. रडत रडत सांगितलं, आणि रडायचा हक्क मला नाही हे कळत असूनही थांबता येईना.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "त्याला कळलंय?"

"एप्रिलपासून."

"आणि या गोळ्या?"

तिनं उशाशी ठेवलेली बाटली उचलली, हलवून पाहिली, परत ठेवली.

"म्हणजे मी उगाच ओकतेय," ती म्हणाली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिच्या पाठीचे मणके गाऊनमधून मोजता येत होते. मी उठावं की बसावं ते कळेना.

"मला वाटलं होतं," ती भिंतीलाच म्हणाली, "निदान एक पुढचा उन्हाळा मिळेल."

जिन्यात डॉक्टरांची पावलं वाजली तशी ती वळली. माझं मनगट धरलं. "मला कळलंय हे त्याला सांगायचं नाही. कधीच नाही. मी गेल्यावरही नाही. सकाळी गोळी घेऊन येतो ना, तेव्हा त्याचा हात स्थिर असतो. बाकी दिवसभर थरथरत असतो, पाहिलंस?"

"ताई, पण तुम्हाला त्रास होतो गोळ्यांनी..."

"शपथ घे."

मी घेतली. डॉक्टर आत आले, पिशवीत चेरी होत्या. "कुठवर आलं?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्या तक्त्यावर," ती म्हणाली. "एक शून्य सुटलं होतं, घातलं." त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. दोघंही एकमेकांकडे बघून हसले, आणि मी चपला घालून बाहेर पडले.

ती ऑगस्टच्या शेवटी गेली. शेवटचं पान तिनं आठवडाभर आधी संपवलं होतं. शेवटी शेवटी तिच्या खुणा इतक्या पुसट झाल्या होत्या की कागद उजेडात तिरपा धरावा लागे. गोळी तिनं शेवटपर्यंत घेतली.

अंत्यविधीच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रकाशकाला तार केली आणि दोन पानी निवेदन लिहून साल्काईंना नेऊन दिलं. त्यात चिठ्ठ्यांचा उल्लेख नव्हता. "नमुने घेण्यात माझ्याकडून हयगय झाली," एवढंच होतं. साल्काईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "वायकाई, मला असं जिंकायचं नव्हतं हो." डॉक्टरांनी राजीनामा दिला आणि उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात लघवी तपासायची नोकरी धरली.

वेंदेलकाकांना आम्ही काही सांगितलं नाही. एकदा ते तळघरात डोकावून म्हणाले, "काय गं, मूत्रपिंडं बंद झाली वाटतं? लोक सुधारले?" मी हो म्हटलं. निवृत्त होईपर्यंत ते रक्ताच्या बाटल्या नेत-आणत राहिले. मला नवीन डॉक्टर मिळाले, ते यकृतावर काम करायचे. मी आणखी पाच वर्षं काचा फोडल्या.

१९८४च्या शरदात मी डॉक्टरांना भेटायला गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. माफी मागायची होती असं वाटेवर स्वतःला सांगत होते. त्यांची खोली दवाखान्याच्या मागेच होती. एक पलंग, एक शेगडी, भिंतीवर काही नाही. ते खूप वाळले होते. त्यांनी पाप्रिका घालून बटाटे केले, मला वाढले, प्राध्यापकांची चौकशी केली, चार नंबरची ट्राम अजून तिथूनच जाते का विचारलं. मी दोनदा विषय काढायला गेले, दोन्ही वेळा त्यांनी पाव पुढे केला.

निघताना ते दारापर्यंत आले.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तू दर शुक्रवारी तिच्याजवळ बसायचीस. तिला काही कळलं होतं का?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते, अंगणातल्या पंपाकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना पुस्तकाचा फार अभिमान होता."

"आणि गोळ्यांचं?"

"गोळीनं बरं वाटतं असं म्हणायच्या."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे मी तिला फसवलं ते पुरतं फसवलं," ते म्हणाले आणि आत वळले. दार त्यांनी लोटलं नाही, तसंच उघडं राहिलं. आत त्यांनी माझं ताट उचललं आणि नळाखाली धरलं. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर ताईची शपथ मोडावी लागली असती, आणि बसची वेळ होत आली होती.